घरंगळलेली कॉफी

शेवटी आमच्या सोफ्यावर कॉफीचा डाग पडला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने डागाचा फोटो काढून तमाम नातेवाइकांना पाठवला.

यातलं काहीही अजून घडलेलं नाही. तुम्ही ते वाचलेलं नाही आणि मी ते लिहिलेलं नाही. सुरुवात अशी आहे की, आमच्या घरात कशावरही डाग पडत नसे.

माझे बाबा डाग-तपासनीस. सोफ्याचं आणि पडद्याचं कापड बनवणाऱ्या एका कारखान्यात ते कामाला आहेत. तिथे कापडावर एक लेप चढवतात. तो चढला की पाणी, तेल, शाई काहीही आत मुरत नाही. थेंबाचा गोल मणी होतो आणि घरंगळून जातो. लेप नीट बसलाय का हे बघायचं काम बाबांचं. म्हणजे बाबा दिवसभर खुर्चीवर बसून नव्याकोऱ्या कापडावर लाल वाइन, सूप, तेल, शाई आणि कॉफी सांडत, आणि काही झालं नाही की समाधानाने मान डोलवत. बाकीची माणसं ज्यासाठी घरात बोलणी खातात, त्यासाठी बाबांना पगार मिळायचा.

आईचं लॉण्ड्रीचं दुकान आहे. ती लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढते. दुनियेतले सगळे डाग बंद झाले तर बाबांना बढती मिळेल आणि आई बेकार होईल. या दोघांचं लग्न आत्याने जमवलं. तिला तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं आणि आजही खटकत नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, पण राहते म्हणायचं इतकंच, दिवसभर असते आमच्याकडे. ती परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक असायची. त्यामुळे प्रत्येक माणसाने बाहीत काहीतरी लपवलेलं आहे, असं धरूनच ती चालते.

मी नोकरीसाठी अर्ज करतो. हाच सध्या माझा व्यवसाय. 'सबब विनंती की' हे शब्द मी झोपेतही स्पष्ट उच्चारतो, असं आई सांगते. आजवर माझी एकही विनंती कोणी मान्य केलेली नाही, पण भाषा सुधारली आहे.

तर, डाग. कारखान्यात नापास झालेले तुकडे बाबा घरी आणत. नापास म्हणजे लेप कमी बसलेले नव्हे. ते परत लेपाच्या टाकीत जात. लेप जास्त झालेले. असं कापड जरा कडक होतं म्हणून गिऱ्हाईक घेत नाही, आणि बाबांच्या मते असं उत्तम कापड टाकून देणं पाप. हळूहळू आमचा सोफा, पडदे, टेबलावरचं कापड, आईचा एप्रन, बाबांचे कामाचे शर्ट, सगळं जास्त लेपाचं झालं. माझ्या उशीच्या अभ्र्यावरून माझी लाळसुद्धा घरंगळून जमिनीवर जायची. पाहुणे यायचे तेव्हा बाबा त्यांच्या हातात सरबताचा ग्लास देऊन म्हणायचे, "सांडा. लाजू नका, आपलंच घर आहे."

मग कारखान्याच्या वार्षिक तपासणीत बाबांच्या लिव्हरवर चरबी निघाली.

बाबा, आई, आत्या आणि मी असे चौघे लिव्हरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. डॉक्टरबाई बुटक्या, शांत, आणि वाक्य संपल्याशिवाय दुसरं सुरू न करणाऱ्या. आमच्या घरात अशी व्यक्ती नसल्यामुळे आम्ही जरा बिचकलो.

"दारू?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही," बाबा म्हणाले.

"कधीच म्हणजे?"

"म्हणजे हातात रोज असते. पोटात जात नाही."

"लिहून घ्या डॉक्टर," आत्या म्हणाली. "रोज असते म्हणाला."

"अगं ताई, कामावर! कापडावर ओततो मी ती."

"आणि वास तोंडाला येतो तो?"

"शर्टाला येतो!"

"शर्ट तोंडाच्या खालीच असतो, बाळ."

आत्या बाबांना अजूनही बाळ म्हणते. बाळाच्या डोक्यावर आता केस उरलेले नाहीत.

डॉक्टरबाईंनी हे सगळं संपू दिलं. मग त्यांनी सांगितलं की वजन उतरवा, साखर सोडा, रोज चाला. अशी चरबी न पिणाऱ्यांनाही होते आणि वेळेवर मनावर घेतलं तर उतरते. "कॉफी चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "बिनसाखरेची. लिव्हरला कॉफी सोसते, उलट थोडा फायदाच दिसतो."

एवढ्या लांबलचक यादीतलं हे एकच वाक्य बाबांना आवडलं. ते त्यांनी मनापासून पाळलं.

बाकीचंही पाळलं, खोटं का बोला. बाबा चालायला लागले. उकडलेल्या भाज्या खायला लागले आणि खाताना भाज्यांशी काही वैर नसल्यासारखा चेहरा ठेवायला लागले. तेल वाचवायचं म्हणून आईने सगळी भांडी काढून काहीही न चिकटणारे तवे आणले. त्यावरचा लेप बघून बाबा हळवे झाले. पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोकं पाडावी लागली. शेजारी विचारू लागले की काय करता हो, आम्हालाही सांगा.

पुढच्या तपासणीला आम्ही जवळजवळ सत्कार घ्यायला गेल्यासारखे गेलो. लिव्हर किती घट्ट झालंय हे मोजणारं एक यंत्र असतं. ते बाबांच्या बरगड्यांवर टेकवून टकटक करतात. डॉक्टरबाईंनी टकटक केली. पडद्यावर बघितलं. पुन्हा टकटक केली.

"वजन उतरलंय," त्या म्हणाल्या. "साखर उतरलीय. लिव्हर मात्र आणखी घट्ट झालंय. रक्ताचे आकडेही वर गेलेत."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे मला हे आवडलेलं नाही. असंच चालू राहिलं तर त्यावर व्रण धरत जातील. एका हद्दीपर्यंत लिव्हर माघारी येतं. हद्द ओलांडली की येत नाही. हे त्या हद्दीकडे चाललंय." त्यांनी बाबांकडे सरळ बघितलं. "तुम्ही मला काही सांगायचं राहिलंय का?"

बाबांनी खूप विचार केला. "एकदा वाढदिवसाला केक खाल्ला," ते म्हणाले. "वरचं क्रीम काढून."

आम्ही लिफ्टने खाली उतरत होतो. आई बाबांच्या बाहीचा वास घेत होती आणि बाबा तो घेऊ देत होते.

घरी आल्यावर चौकशी समिती बसली. अध्यक्ष आत्या.

"हे बघ बाळ, तुझ्या शर्टाला वाइनचा वास येतो. बरोबर?"

"बरोबर."

"पण शर्टावर डाग एकही नाही."

"लेप आहे ना त्याला!"

"म्हणजे पुरावा राहू नये याची सोय केलेली आहे," आत्या म्हणाली आणि खुर्चीला टेकून बसली.

आई हळूच म्हणाली, "अहो, मी रागावणार नाही. घेत असाल तर घेतो म्हणा. निदान डॉक्टरांना काय ते कळेल. मला त्या हद्दीची भीती वाटते हो."

बाबा उठले. खिडकीपाशी जाऊन ते पडद्याला म्हणाले, "मी पीत नाही." पडद्यावरून तेही घरंगळून गेलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला कामाला लावलं. "तू असाही रिकामाच आहेस. कारखान्यात जा आणि बाप दिवसभर काय पितो ते बघून ये."

मी डबा द्यायचं निमित्त करून गेलो. बाबांच्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडत नाहीत, कारण वाऱ्याने थेंब हलतो. मध्ये लांब टेबल, त्यावर उतरत्या फळीला ताणून लावलेलं कापड, खाली बेसिन. बाबांनी वाइनची बाटली उचलली तसा मी श्वास रोखला. त्यांनी ती कापडावर ओतली. लाल मणी टपटप घरंगळत बेसिनमध्ये गेले. मग तेल बेसिनमध्ये. सूप बेसिनमध्ये. शाई बेसिनमध्ये. माझा जीव भांड्यात पडला. मग कॉफीची पाळी आली. कॉफी नियमाप्रमाणे ताजी आणि कढत लागते, म्हणून खोलीत तिचं मशीनच आहे. बाबांनी भरलेला मग कापडावर ओतला आणि खाली बेसिनऐवजी दुसरा मग धरला. कॉफी एका मगातून निघून, कापडावरून घसरत, दुसऱ्या मगात जशीच्या तशी उतरली. बाबांनी घोट घेतला आणि वहीत 'पास' असं लिहिलं.

"एवढी चांगली कॉफी फेकून कशी द्यायची?" बाबा म्हणाले. "आणि बघ ना, कापडाला कॉफी चिकटली नाही. म्हणजे कॉफीलाही कापडाचं काही चिकटलं नाही. हिशेब सरळ आहे."

ही प्रथा बाबांनीच पाडली होती आणि सगळा विभाग ती पाळायचा. मोठी गिऱ्हाइकं आली की साहेब मुद्दाम बाबांना बोलावत. बाबा गिऱ्हाइकासमोर कॉफी घरंगळवून तीच पिऊन दाखवत आणि सौदा होत असे. डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यापासून बाबा दुसऱ्या टेबलांवरच्या कॉफ्याही स्वतःच तपासत होते.

मलाही एक मग मिळाला. छान होती.

"दारूचा थेंब घेत नाहीत," मी घरी येऊन सांगितलं. "फक्त कॉफी."

"तुला फितवलंय," आत्या म्हणाली.

हे मात्र बाबांना सहन झालं नाही. मला नोकरी नाही हे त्यांनी सोसलं होतं, पण मी फितलो असं कोणी म्हणावं हे त्यांना लागलं. त्यांनी कपाटातून नव्या कापडाची गुंडाळी काढली. "चला," ते म्हणाले, "डॉक्टरांसमोरच होऊन जाऊ दे."

डॉक्टरबाईंच्या टेबलावर बाबांनी ते कापड पसरलं तेव्हा त्या फक्त "भेटवस्तू आम्ही घेत नाही," एवढंच म्हणाल्या.

"भेट नाही, प्रात्यक्षिक आहे," बाबा म्हणाले आणि पिशवीतून वाइनची बाटली काढली.

"अरे देवा," आत्या म्हणाली. "इथेसुद्धा!"

"मॅडम, मला वाइनचा वास का येतो ते तुम्हीच बघा. माझी बायको रात्री डोळे उघडे ठेवून पडते, बहीण माझ्या बाह्या हुंगते. एकदाच बघा, मग काय ते म्हणा." बाबांनी कापडाचं टोक बेसिनपर्यंत नेऊन मला धरायला सांगितलं आणि वाइन ओतली. मणी झाले. घरंगळले. बेसिनमध्ये गेले. "बघितलंत? सगळी बेसिनमध्ये. एक थेंब तोंडात नाही."

डॉक्टरबाई खरंच बघत होत्या. आई पहिल्यांदा जरा सैल बसली. आत्याने बेसिनमध्ये वाकून खात्री केली.

बाबांना चेव चढला. प्रात्यक्षिक कधी अर्धवट सोडायचं नाही ही त्यांची सवय. डॉक्टरबाईंची कॉफी टेबलावर वाफाळत होती. "परवानगी असावी," असं म्हणून बाबांनी ती उचलली, कापडावर ओतली, पाण्याच्या रिकाम्या पेल्यात अलगद उतरवून घेतली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पिऊन टाकली.

"पास," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही रोज करता?"

"गिऱ्हाईक आलं तर जास्त वेळा."

"गरम कॉफी?"

"गरमच लागते. नियम आहे."

"किती वर्षं?"

"कॉफीचं मशीन आल्यापासून," बाबा म्हणाले आणि मग त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "का हो?"

डॉक्टरबाईंनी कापडाचं टोक पेनाने उचलून बघितलं. "या लेपात काय असतं?"

"ते साहेबांना माहीत. पण पक्कं असतं. पाण्याने जात नाही, तेलाने जात नाही, उन्हाने जात नाही. वर्षानुवर्षं टिकतं." यावर बाबांची छाती थोडी फुगलीच.

"तेच म्हणते मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशा पुष्कळ लेपांतली रसायनं कशानेच मोडत नाहीत. मातीत नाही, पाण्यात नाही आणि पोटात गेली तर शरीरातही नाही. ती वर्षानुवर्षं मुक्काम करतात, आणि लिव्हर हे त्यांचं आवडतं ठिकाण. यातल्या काहींमुळे लिव्हरमधला चरबीचा कारभार बिघडतो, आधीच आजारी असलेलं लिव्हर आणखी बिघडू शकतं, असं अभ्यासात दिसलंय. तुमचं लिव्हर यानेच बिघडलं असं मी शपथेवर नाही सांगणार. एका माणसाबद्दल तसं सिद्ध करता येत नाही. पण वजन उतरूनही ते का चिडलंय याचं मला कारण सापडत नव्हतं. आणि तुम्ही ते आत्ता माझ्या टेबलावर पिऊन दाखवलंत."

"पण कॉफी तुम्हीच सांगितली होती," आई म्हणाली.

"मी कपातली सांगितली होती."

आई बाबांकडे वळली. "म्हणजे तुम्ही खरंच पीत नव्हता?"

"पीत होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त दारू नव्हे. घरात या कापडाचं काय काय आहे?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मी सांगायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी पुन्हा पेन उचललं होतं, पण सोफा, पडदे, टेबलक्लॉथ, एप्रन इथपर्यंत येताच त्यांनी लिहिणं थांबवलं. "काय नाही ते सांगा," त्या म्हणाल्या.

"आत्या," मी म्हणालो.

त्या दिवसापासून घर रिकामं होऊ लागलं. पडदे उतरले. न चिकटणारे तवे गेले आणि सगळं मनसोक्त चिकटणारे जुने परत आले. आई ओल्या फडक्याने धूळ पुसायची, कारण लेपाचा भुगा धुळीतही बसतो असं कळलं होतं. बाबांनी साहेबांकडे जाऊन सांगितलं की यापुढे कोणीही कॉफी पिऊ नये, खिडकी उघडावी आणि हातमोजे द्यावेत.

प्रत्येक सौद्याला शेजारी उभे असणारे साहेब चकित झाले. "कॉफी पिता तुम्ही? आमच्या नियमात ती फेकायची आहे. आणि हा नवा लेप पूर्ण सुरक्षित आहे."

"त्यात काय असतं?"

"ते गुपित आहे."

"मग सुरक्षित कशावरून?"

"तेही," साहेब म्हणाले.

हातमोजे मात्र मिळाले. बाबांची बदली रंग-जुळणी विभागात झाली. तिथे दोन निळे तुकडे शेजारी धरून ते एकच निळे आहेत की नाही हे सांगायचं असतं. बाबांना यात काही थरार वाटत नाही.

सोफ्याचा प्रश्न उरला. मी नगरपालिकेच्या कचरा विभागाला फोन केला.

"कुजतो का?" तिकडच्या माणसाने विचारलं.

"नाही."

"जाळता येतो?"

"डॉक्टरबाई जाळू नका म्हणाल्यात. धुरातून निघतं."

"पुरायचा?"

"जमिनीतल्या पाण्यात उतरतं."

"साहेब," तो माणूस मायेने म्हणाला, "मग ठेवा की घरात. चांगलाच दिसतोय."

सोफा अजून मागच्या अंगणात प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभा आहे. प्लास्टिकही जाणाऱ्यातलं नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमतं.

आई बाजारातून नवा सोफा घेऊन आली. साध्या सुती कापडाचा, पांढरा, बिनलेपाचा. तो बैठकीत ठेवला त्याच दिवशी आम्ही तपासणीला गेलो होतो. त्या प्रात्यक्षिकाला वर्ष होत आलं होतं. टकटक झाली. आई माझा हात धरून उभी होती आणि हात दुखत होता.

"वाढलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किंचित उतरलंय. हद्दीच्या अलीकडे आहात तुम्ही. आनंद करा, पण आवाज लहान ठेवा."

"म्हणजे ते निघून गेलं?" आत्याने विचारलं. गेले काही महिने ती बाबांना 'अहो बाळ' म्हणत होती. माफी मागायची ही तिची पद्धत.

"कसलं निघतंय. नवं जायचं थांबलं एवढंच. आत आहे ते आहे. निम्मं व्हायलाही वर्षं लागतात."

"औषध?"

"ते बाहेर काढायचं म्हणून खात्रीने देता येईल असं माझ्याकडे काही नाही. चालत राहा, वजन राखा, नवं घालू नका. बाकी ते आपणहून जाईल तेव्हा जाईल."

घरी आल्यावर आईने बाबांना कॉफी दिली. कपातली. बाबा नव्या सोफ्यावर टेकले. त्यांनी कापडावरून हात फिरवला. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचा कप हळूहळू तिरका होतोय. समोर नवं कापड आहे आणि हातात कॉफी आहे. बाबांचा हात थांबणं शक्यच नव्हतं.

"अहो!" आई ओरडली.

कॉफी पडली. मणी झाला नाही. ती पसरली, मुरली, आणि कडा तपकिरी होत सोफ्यावर चांगला बशीएवढा डाग बसला. बाबांनी रिकामा झालेला कप सवयीने खाली धरला होता. त्यात एक थेंबही आला नाही.

"राहिला," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नापास."

आईने सवयीने पदर खोचला. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती डागाजवळ वाकली, बघितलं, आणि म्हणाली, "असू दे." तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आत्याने फोटो काढला. म्हणजे आता ते घडलं. आता तुम्ही ते वाचलंत तरी चालेल.

टाळ्या थांबल्यावर बाबा पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून बसून राहिले.

"आपणहून जाईल म्हणाल्या ना त्या?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग कोणीतरी त्याला रीतसर सांगायला हवं. तुला अर्ज लिहिता येतो ना?"

मी कागद घेतला.

"प्रति, लेप (सर्व प्रकार), मुक्काम यकृत, उजवी बरगडी, आतली बाजू.

विषय: सदर जागा रिकामी करून मिळणेबाबत.

महोदय, आपण गेली अनेक वर्षे आमच्या तीर्थरूपांच्या शरीरात विनापरवाना वास्तव्यास आहात. आपल्या टिकाऊपणाबद्दल आमच्या मनात आदर असून तीर्थरूपांनी स्वतः आपणांस असंख्य वेळा 'पास' केलेले आहे, ही बाब कृपया विचारात घ्यावी. आपण पाण्याने, तेलाने वा उन्हाने मोडत नाही याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. सबब विनंती की, आपण विशेष बाब म्हणून स्वतःहून विघटित व्हावे, आणि तसे झाल्याचे या कार्यालयास उलट टपाली कळवावे. जाताना अंगणातील सोफाही सोबत न्यावा, ही नम्र विनंती."